वीस गुणांचा उंबरठा

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणाचा राज्य अभ्यासक्रम आराखडा २०२४ साली मंजूर झाला. भाषा, कला, व्यवसाय शिक्षण, शालेय वातावरण अशा अनेक विषयांवर त्यात विस्ताराने लिहिले आहे. पण वर्तमानपत्रांत आणि शाळांच्या शिक्षकखोल्यांत चर्चा झाली ती त्यातल्या एकाच तरतुदीची. दहावीला गणित आणि विज्ञान या विषयांत उत्तीर्ण होण्याची रेषा ३५ गुणांवर असते. ज्या विद्यार्थ्याला ३५ पेक्षा कमी, पण २० पेक्षा जास्त गुण मिळतील त्यालाही उत्तीर्ण होऊन पुढे जाता यावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर, तो यापुढे गणित व विज्ञानावर आधारलेले शिक्षण घेऊ शकणार नाही, असा शेरा असावा, अशी ही सूचना आहे.

या सूचनेमागचा हेतू वाईट नाही. गणितात अडखळणारे मूल भाषेत किंवा चित्रकलेत पुढे जाऊ शकते. एका विषयासाठी त्याला शिक्षणाच्या बाहेर फेकून देणे अन्यायाचे आहे, हे कोणीही मान्य करील. तरीही हेतू चांगला असला म्हणजे उपाय बरोबर असतोच असे नाही. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. एखादे मोजमाप बदलायचे असेल तर आम्ही तीन प्रश्न विचारतो. उपकरण नेमके काय मोजते? मोजपट्टी बदलल्यावर मिळणाऱ्या आकड्याचा अर्थ काय राहतो? आणि ज्याचे मोजमाप घ्यायचे, त्याच्या वागण्यावर त्या मोजमापाचा काय परिणाम होतो? हेच तीन प्रश्न या लेखात गुणांच्या बाबतीत विचारायचे आहेत.

दोन गुणांचा हिशेब

दहावीच्या गणिताची परीक्षा १०० गुणांची असते. त्यातले ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेने द्यायच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. बहुतेक शाळांत हे अंतर्गत गुण १६ ते २० च्या दरम्यान पडतात, हे आपणा शिक्षकांना सांगायला नको. एखाद्या विद्यार्थ्याला तेथे १८ गुण मिळाले असे धरू. मग ३५ ची रेषा गाठायला त्याला लेखी परीक्षेत ८० पैकी १७ गुण लागतात. म्हणजे लेखी परीक्षेपुरती उत्तीर्णतेची खरी रेषा आजच २१ टक्क्यांच्या आसपास आहे.

आता रेषा २० वर आणली आणि अंतर्गत गुण त्यात धरले, तर त्याच विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत २ गुण पुरतात. ऐंशीपैकी दोन!

हे दोन गुण कसे मिळू शकतात तेही पाहू. गणिताच्या दोन्ही प्रश्नपत्रिकांत, भाग १ आणि भाग २ मध्ये, पहिल्याच प्रश्नात एकेका गुणाचे चार-चार बहुपर्यायी प्रश्न असतात. एकूण आठ प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय. ज्याला काहीही येत नाही त्याने डोळे मिटून पर्याय निवडले, तरी सरासरीने आठांपैकी दोन उत्तरे बरोबर येतील. निदान दोन उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता किती, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. एकही उत्तर बरोबर न येण्याची संभाव्यता ०.७५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ०.१०. नेमके एकच उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे ०.२७. या दोन्हींची बेरीज एकातून वजा केली की ०.६३ उरतात. म्हणजे केवळ अंदाजाने उत्तरे देणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ६३ मुले ही रेषा ओलांडतील.

फासे टाकूनही ज्याचा निकाल असाच लागेल, त्या उपकरणाला मोजमापाचे उपकरण म्हणता येत नाही. नवी रेषा फक्त लेखी गुणांना लावली किंवा अंतर्गत गुण काटेकोरपणे दिले, तर हा हिशेब बदलेल. पण मग सुधारणा अंतर्गत गुण देण्याच्या पद्धतीतच करायला हवी. ती न करता रेषा खाली आणणे म्हणजे ताप उतरावा म्हणून तापमापीवरचे आकडे पुसून नवे लिहिण्यासारखे आहे.

निकालाच्या आकड्यांचा चढउतार

गुणांची मोजपट्टी बदलली की काय होते, हे पाहण्याची संधी महाराष्ट्राला गेल्या काही वर्षांत मिळाली. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले शाळेने द्यायचे २० गुण काढून टाकण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. मोठी ओरड झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हे २० गुण परत आणण्याचा निर्णय झाला. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. शंभर टक्के गुण मिळवणारे विद्यार्थी २०१९ साली २० होते, ते २०२० साली २४२ झाले. २०२१ साली साथीमुळे लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल आणि दहावीचे शाळेतले मूल्यमापन यांवरून गुण दिले गेले आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली.

या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढता येत नाही. २०१९ साली दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता आणि काही वर्षे चालू असलेला सामान्य गणिताचा सोपा पर्यायही तेव्हा बंद झालेला होता. २०२० साली भूगोलाचा पेपर साथीमुळे रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले. एका प्रयोगात तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या कारणाचा किती परिणाम झाला हे वेगळे काढता येत नाही. तरी एक गोष्ट निश्चित म्हणता येते. २०१९ ची मुले २०१८ च्या मुलांपेक्षा एकदम मठ्ठ निपजली नव्हती, आणि २०२० ची मुले एका वर्षात हुशार झाली नव्हती. आकड्यांचा हा झोका मुलांच्या ज्ञानामुळे नव्हे, मोजण्याच्या रीतीमुळे आला.

२०२१ साली त्याची किंमतही दिसली. जवळजवळ सगळेच उत्तीर्ण झाल्यावर अकरावीच्या प्रवेशासाठी मुलांत फरक कसा करायचा, हा प्रश्न आला. त्यासाठी शासनाने वेगळी सामाईक प्रवेश परीक्षा जाहीर केली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ती रद्द केली. ती योग्य होती की नव्हती हा येथे प्रश्न नाही. गुणांनी माहिती देणे बंद केले की समाज ती माहिती दुसरीकडून मिळवू पाहतो, हे त्यातून दिसते. ही दुसरी वाट बहुतेक वेळा पैशाची आणि खासगी शिकवणीची असते.

श्रम आणि फळ

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. मोजमाप सैल केल्यावर मुलांच्या अभ्यास करण्याच्या इच्छेवर काय परिणाम होतो?

नेहमी मांडला जाणारा युक्तिवाद असा: नापास होण्याची भीती गेली की मूल मोकळेपणाने शिकेल, थोडे यश मिळाले की त्याचा हुरूप वाढेल. यात तथ्य आहे. सतत अपयश पदरी येणारे मूल प्रयत्न सोडून देते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. पण हुरूप यशाने वाढतो तो कशामुळे? आपण काही केले आणि त्यामुळे काही बदलले, हे मुलाला दिसते म्हणून. गेल्या महिन्यात अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती, या महिन्यात येते आणि गुणही वाढले, असे झाले की मुलाचा स्वतःवर विश्वास बसतो. प्रयत्न केला काय आणि न केला काय, गुण तेवढेच पडणार असतील, तर ते यश त्याला आपले वाटत नाही. मुले या बाबतीत मोठ्या माणसांपेक्षा चलाख असतात. फुकट मिळालेला शेरा त्यांना लगेच ओळखू येतो.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात या प्रश्नावर प्रकाश टाकणारा बदल घडला. तेथील सरकारी माध्यमिक शाळांत ९३ गुणांना पहिली श्रेणी मिळे आणि ७० च्या खाली मूल नापास होई. २०१५-१६ या शैक्षणिक वर्षापासून पहिली श्रेणी ९० वर आली आणि उत्तीर्णतेची रेषा ६० वर. अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच, फक्त रेषा खाली आल्या. या बदलाचा अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अभ्यास केला. श्रेणी सुधारल्या, पण त्याचा लाभ मुख्यतः आधीच बऱ्या असलेल्या मुलांना झाला. अभ्यासात मागे असलेल्या मुलांची शाळेतली गैरहजेरी वाढली. ज्यांच्यासाठी सवलत दिली जाते असे आपण म्हणतो, त्यांनीच शाळेकडे पाठ फिरवायला सुरुवात केली.

डेव्हिड फिग्लिओ आणि मॉरिस लुकास यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला फ्लोरिडातील प्राथमिक शाळांचा अभ्यासही असेच सांगतो. शिक्षकाने दिलेली श्रेणी आणि त्याच मुलाचे बाहेरच्या प्रमाणित चाचणीतले गुण यांची तुलना करून त्यांनी प्रत्येक शिक्षक गुण देण्यात किती कडक किंवा सैल आहे हे ठरवले. मग मुलांची प्रगती पाहिली. कडक मोजणाऱ्या शिक्षकांच्या वर्गातील मुले अधिक शिकलेली आढळली. येथे कडक म्हणजे रागावणारा किंवा छडी उगारणारा नव्हे. जे आले त्याला आले आणि जे नाही आले त्याला नाही आले असे म्हणणारा, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा अभ्यास रूथ बटलर यांचा, इस्राएलमधला, १९८८ सालचा. त्यांनी पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला केलेल्या कामावर फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त लेखी अभिप्राय दिला, तिसऱ्याला गुण आणि अभिप्राय दोन्ही. काम सुधारले आणि गोडीही टिकली ती केवळ अभिप्राय मिळालेल्या गटात. दोन्ही मिळालेला गट फक्त गुण मिळालेल्या गटासारखाच वागला. म्हणजे गुण दिसले की मुलांनी अभिप्राय वाचलाच नाही. गुण हे औषध नाही, ते निदान आहे, असे या प्रयोगावरून म्हणता येईल. निदान गोड करून सांगितल्याने रोगी बरा होत नाही. आणि नुसते निदान कितीही खरे असले, तरी उपचाराशिवाय तेही उपयोगाचे नाही.

मळवलीच्या मुलीचे काय?

दूरच्या अभ्यासांवरून आता आपल्या मावळात येऊ. पुणे-लोणावळा लोहमार्गावरचे मळवली हे छोटे स्थानक. कार्ले आणि भाजे येथील लेण्यांना व लोहगड-विसापूरला जाणारे लोक येथे उतरतात. आम्ही काही संशोधक मंडळी सुटीच्या दिवशी या परिसरातल्या मुलामुलींबरोबर विज्ञानाचे साधे प्रयोग करतो. एकदा खांबाच्या सावलीवरून त्याची उंची काढायची होती. मीटरभर काठीची सावली मोजायची, खांबाची सावली मोजायची आणि प्रमाण मांडायचे. आठवीची मुले होती. गणितात त्यांच्या प्रगतिपत्रकावर ब-१ किंवा त्यावरची श्रेणी होती. सध्याच्या श्रेणी पद्धतीत ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के. मोजमापे त्यांनी सुरेख घेतली. सेंटीमीटरपर्यंत नीट, दोनदा तपासून. पण प्रमाण मांडल्यावर भागाकाराशी येऊन बहुतेक सगळी थांबली. दशांश चिन्ह आले की काय करायचे, हे माहीत नव्हते.

मुलांची बुद्धी कमी होती असे मुळीच नाही. सावली सकाळी लांब आणि दुपारी आखूड, तर दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजल्या पाहिजेत, हे त्यांच्यातल्याच एका मुलीने आपण होऊन सांगितले. अशी मुलगी कोणत्याही विज्ञान शिक्षकाला हवीशी वाटेल. पण तिला भागाकार येत नाही, ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. तिच्या आईवडिलांनाही माहीत नव्हती. कार्डावर ब-१ होते आणि कार्डावर त्यांचा विश्वास होता.

शहरातल्या मुलाची गोष्ट वेगळी असते. शाळेने गुण सैल दिले तरी त्याच्याजवळ दुसऱ्या मोजपट्ट्या असतात. तो शिकवणीच्या वर्गात दर आठवड्याला चाचणी देतो, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसतो, ऑलिम्पियाडची तयारी करतो. आईवडील शिकलेले असले की वही चाळूनच त्यांना कळते. म्हणजे शाळेचे गुण ही त्याच्या घरी येणाऱ्या अनेक बातम्यांपैकी एक बातमी. भाजे किंवा पाटण गावातल्या मुलीच्या घरी तीच एक बातमी येते. ती खोटी निघाली तर तिच्याजवळ दुसरा आधार नाही. म्हणून गुणांच्या सैलपणाचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. ज्याच्याकडे शाळेशिवाय काही नाही त्याला तो सर्वांत जास्त बसतो.

वीस गुणांच्या तरतुदीत हाच धोका आणखी पुढे जातो. समजा या मुलीला दहावीला गणितात २४ गुण मिळाले आणि शेऱ्यासह ती उत्तीर्ण झाली. घरी पेढे वाटले गेले. पुढे तिने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, आपण ज्याला आयटीआय म्हणतो तेथे, इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम घ्यायचे ठरवले. या अभ्यासक्रमाला दहावी, तीही गणित आणि विज्ञान विषयांसह, उत्तीर्ण असावे लागते. तंत्रनिकेतनाच्या अभियांत्रिकी पदविकेलाही तसेच. तळेगाव, चाकणच्या कारखान्यांत नोकरीची वाट याच अभ्यासक्रमांतून जाते. गणित-विज्ञानावर आधारलेले शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर-इंजिनिअर येतात. पण गावाकडच्या मुलांच्या दृष्टीने त्यात सर्वांत आधी येतो तो वायर जोडणारा आणि यंत्र चालवणारा कारागीर. शेऱ्याचा अर्थ शब्दशः घेतला तर तोच दरवाजा बंद होतो; आणि तो बंद झाल्याचे उत्तीर्ण या शब्दाखाली झाकले जाते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तुला हे कधीच जमणार नाही असे लेखी देण्याचा अधिकार एका परीक्षेला असावा का, हा प्रश्नही आहेच.

दुसरी बाजू

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल. तुम्ही शिक्षण घेतलेली मंडळी जुन्या चाळणीचे गोडवे गात आहात. या चाळणीने पिढ्यानपिढ्या गरिबांची, मुलींची, आदिवासी मुलांची शाळा सोडवली. हा आक्षेप हलका नाही. नापासाचा शिक्का बसलेले मूल पुन्हा शाळेकडे वळत नाही, निकालाच्या दिवसांत काही घरांत विपरीत घडते, हे आपण जाणतो. ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाला हुलकावणी देणारा त्रिकोण आहे असे म्हटले होते. तिन्ही कोन एकत्र धरणे कठीण असते, म्हणून राज्यकर्ते एखादा सोडून देतात.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने हा त्रिकोण धरण्याचा प्रयत्न केला होता. आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही, हा त्याचा एक पाय. मुलाचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करून ते जेथे अडले असेल तेथे लगेच मदत द्यायची, हा दुसरा पाय. महाराष्ट्रात त्यासाठी ऑगस्ट २०१० मध्ये शासन निर्णय निघाला आणि आकारिक व संकलित मूल्यमापन सुरू झाले. कल्पना उत्तम होती. व्यवहारात पहिला पाय पुढे पडला आणि दुसरा जागीच राहिला. मागे ठेवू नका हा आदेश पाळायला काही लागत नाही. अडलेल्या मुलाला मदत करायला शिक्षकाचा वेळ लागतो, आणि तो वेळ माहिती भरण्यात, सर्वेक्षणात आणि निवडणुकीच्या कामात जातो. वर्णनात्मक नोंदी तयार पुस्तिकांतून उतरवल्या जाऊ लागल्या. मूल वरच्या वर्गात गेले, त्याची अडचणही त्याच्याबरोबर वर गेली.

पुढे कायदा बदलला. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास पूरक मार्गदर्शन व फेरपरीक्षा, आणि तीतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवणे अशी रीत आणली. एक टोक सोडून दुसरे पकडण्याचा धोका येथेही आहे. नापास केल्याने मूल आपोआप शिकत नाही, तसेच पास केल्यानेही शिकत नाही. दोन्ही वेळा मधली पायरी गाळली जाते, ती म्हणजे शिकवणे.

रेषा कोठे असावी आणि तेथपर्यंत मुलाला कसे न्यावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मळवलीहून भाजे, गायमुख खिंड, लोहगडवाडी असे चालत गेले की पायऱ्या लागतात आणि चार दरवाजे ओलांडून माणूस लोहगडावर पोहोचतो. पायऱ्या आहेत म्हणून आजोबाही चढतात आणि शाळेतली मुलेही. दमले तर मध्ये बसतात. कोणाला तास लागतो, कोणाला दोन. पण लोहगडवाडीतच गडाची पाटी लावून टाकली तर कोणी गड पाहिला असे होत नाही.

शाळेत काय करता येईल?

धोरणे मुंबई-पुण्यात ठरतात. तरी वर्गाच्या चार भिंतींत शिक्षकाच्या हाती पुष्कळ काही असते. चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, आपल्याच उपकरणाची तपासणी करा. एक आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर प्रत्येक विद्यार्थ्याचे लेखी परीक्षेतले ८० पैकी गुण मांडा, उभ्या अक्षावर अंतर्गत २० पैकी गुण. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ठिपका. ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेले दिसले तर दोन्ही मोजमापे काहीतरी सामाईक सांगत आहेत. ते चढतात पण काही ठिपके बाजूला पडलेले आहेत असे दिसले तर ती मुले शोधा. लेखनात कच्चे पण तोंडी उत्तम असे मूल तेथे सापडेल, आणि अंतर्गत गुण असतात ते अशाच मुलासाठी. पण सगळे ठिपके १८ ते २० च्या पट्टीत आडवे पसरलेले असतील, तर तुमचे अंतर्गत मूल्यमापन काहीच मोजत नाही. हा आलेख कोणाला पाठवायचा नाही, त्यावरून कोणाची चौकशी व्हायची नाही. विज्ञान मंडळात नववीच्या मुलांकडूनही तो नावे झाकून काढून घेता येईल.

दुसरी गोष्ट, वही परत देताना आधी अभिप्राय द्या आणि गुण दोन दिवसांनी सांगा. अभिप्राय चांगला, प्रयत्न कर असा नको. भागाकारात दशांश चिन्ह चुकते, पान ४२ वरची पहिली तीन गणिते पुन्हा कर, असा नेमका असावा. दुरुस्ती करून आणली तर गुण वाढवा. हे गुण वाढवणे सैलपणाचे नाही, कारण मुलाने ते मिळवलेले असतात. श्रम आणि फळ यांचा सांधा येथे जुळतो.

तिसरी गोष्ट, रेषा तीच ठेवा आणि संधी वाढवा. राज्य मंडळाने २०१५ पासून दहावीच्या अनुत्तीर्ण मुलांसाठी जुलैमध्ये फेरपरीक्षा सुरू केली, तो आमच्या मते अलीकडच्या काळातला फार चांगला निर्णय आहे. मुलाचे वर्ष वाचते आणि गुणपत्रिकेचा अर्थही टिकतो. ज्यांना पुढे गणित नकोच आहे त्यांच्यासाठी वेगळ्या पातळीचा अभ्यासक्रम असावा, ही मागणीही योग्य आहे. केंद्रीय मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताच्या दोन पातळ्या ठेवल्या. आपल्याकडेही सामान्य गणित होते. रोजचा हिशेब, व्याज, क्षेत्रफळ, आलेख वाचणे एवढेच शिकवा, पण त्यात ३५ गुण मिळाले तर त्यातले निदान तेवढे येते असा त्याचा अर्थ असू द्या. अवघड विषयाचे २० गुण आणि सोप्या विषयाचे ३५ गुण यांत दुसरे मुलाला अधिक उपयोगी आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. पालकांना खरे सांगा. सभेत सर्वांसमोर नव्हे, एकेकाला बोलावून. तुमची मुलगी निरीक्षणात फार हुशार आहे आणि तिचा भागाकार कच्चा आहे, हे एकाच वाक्यात सांगता येते. यातला पहिला भाग गाळला तर मुलीचा धीर सुटतो, दुसरा गाळला तर तिची फसवणूक होते. शंभर टक्के निकालाचा फलक शाळेच्या दारावर लावायचा दबाव मुख्याध्यापकांवर असतो, हे आम्ही जाणतो. तो दबाव एकट्या शिक्षकाने झुगारावा अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. पण तालुक्यातल्या गणित आणि विज्ञान शिक्षकांनी मिळून आपल्या सभेत हा विषय घेतला, आपापले आलेख एकमेकांना दाखवले, तर बोलायला निदान सुरुवात होईल.

मळवलीच्या त्या मुलांना पुढच्या भेटीत आम्ही दशांश अपूर्णांकांचा भागाकार शिकवला. काठी, दोरी आणि सावली घेऊन दोन तास लागले. तिसऱ्या खांबाची उंची त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय काढली आणि उत्तर पडताळायला शिडी मागितली. या मुलांसाठी रेषा खाली आणायची गरज आम्हांला तरी दिसली नाही. त्यांना हवे होते ते दोन तास, आणि आपल्याला काय येत नाही हे सांगणारे कोणीतरी.